मुक्ताईंचे पितृचरण विठ्ठलपंत : संसारालाच तप मानणाऱ्या गृहस्थाचे चरित्र



भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या वाटेवर वरणगाव लागते. तापी-पूर्णेच्या संगमावरील श्रीक्षेत्र चांगदेव आणि कोथळी व मेहूण येथील आदिशक्ती संत मुक्ताबाईंची स्थाने यांच्या दर्शनास निघालेले असंख्य भाविक दरवर्षी या गावावरून पुढे जातात. महाशिवरात्रीच्या यात्रेत तर ही वाट टाळ-मृदंगांच्या नादाने भरून जाते. मुक्ताईंचे नाव ओठांवर येताच निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर महाराज व सोपानदेव या त्यांच्या तिन्ही बंधूंचे स्मरण आपोआप होते. परंतु ज्या माता-पित्यांनी या चार भावंडांना वाढविले व त्यांच्यासाठी अखेर स्वतःचे प्राणही वेचले, त्यांचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. मुक्ताईंच्या दर्शनास जाणाऱ्या प्रत्येक भाविकाने त्यांच्या पित्याचे, श्रीविठ्ठलपंतांचे चरित्रही जाणून घ्यावे, या हेतूने ही अल्पशी माहिती येथे देत आहोत.

विठ्ठलपंतांनी स्वतः लिहिलेला एखादा ग्रंथ प्रसिद्ध नाही. त्यांची हकीकत मुख्यतः संत नामदेव महाराजांच्या ‘आदि’ प्रकरणातील अभंगांतून व पुढे महिपतीबुवांच्या ‘भक्तविजय’ ग्रंथातून आपल्यापर्यंत आली आहे. तपशिलात चरित्रकारांचे काही मतभेद आहेत. मुख्य कथेविषयी मात्र परंपरेचे एकमत आहे.

कुळ आणि पूर्वज

पैठण तालुक्यातील गोदातीरावरचे आपेगाव हे विठ्ठलपंतांचे मूळ गाव. घराण्याकडे कुलकर्णीपणाचे वतन होते. देवगिरीच्या यादवांचा तो काळ. पूर्वज त्र्यंबकपंत यांच्यावर गोरक्षनाथांची कृपा होती, असे परंपरा सांगते. विठ्ठलपंतांचे वडील गोविंदपंत व मातोश्री नीराबाई. या दांपत्यास गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला होता. अशा रीतीने नाथपंथाचा योग आणि पंढरीची भक्ती असे दोन्ही संस्कार या घरात एकत्र नांदत होते.

विठ्ठलपंत लहानपणापासूनच विरक्त वृत्तीचे होते. वेदशास्त्रांचे अध्ययन झाल्यावर त्यांनी आई-वडिलांची अनुज्ञा घेतली व ते तीर्थाटनास निघाले. द्वारका, सुदामापुरी, सप्तशृंगी, त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर अशी क्षेत्रे करीत ते इंद्रायणीतीरी आळंदीस आले.

आळंदीचा विवाह

आळंदीचे कुलकर्णी सिद्धोपंत हे सात्त्विक गृहस्थ होते. या तेजस्वी तरुणाला पाहून त्यांनी त्याला आपल्या घरी उतरवून घेतले. आपली कन्या रुक्मिणी हिला हाच वर योग्य, असा दृष्टान्त सिद्धोपंतांना झाला. विठ्ठलपंतांच्या मनात विवाहाचा विचार नव्हता. परंतु त्यांनाही तसाच दृष्टान्त झाला, तेव्हा ईश्वराची आज्ञा मानून त्यांनी विवाहास संमती दिली. विवाहानंतर ते पंढरीची वारी करून आपेगावास आले. काही काळाने गोविंदपंत व नीराबाई दोघेही निवर्तले. जावई संसारात उदासीन आहे हे जाणून सिद्धोपंतांनी त्या दोघांना आळंदीस आणले.

घरात सर्व काही होते. विठ्ठलपंतांचे चित्त मात्र घरात नव्हते. लग्नाला पुष्कळ दिवस लोटले तरी पोटी संतान नव्हते, त्यामुळे प्रपंचाशी बांधून ठेवणारा धागाही नव्हता. काशीस जाऊन संन्यास घ्यावा ही एकच ओढ त्यांना लागली होती.

काशीचा संन्यास

शास्त्राप्रमाणे गृहस्थाला पत्नीच्या संमतीवाचून संन्यास घेता येत नाही आणि संतान होऊन पितृऋण फिटल्याशिवाय त्याने घर सोडणेही योग्य मानलेले नाही. विठ्ठलपंत वारंवार संमती मागत आणि रुक्मिणीबाई ती नाकारीत. एके दिवशी त्या अन्य विचारात मग्न असताना विठ्ठलपंतांनी गंगास्नानास जाण्याची अनुमती मागितली. त्यांनी सहज होकार दिला. तेवढ्यालाच संमती मानून विठ्ठलपंत काशीस निघून गेले. तेथे रामानंदस्वामींकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व त्यांचे नाव चैतन्याश्रम झाले. (हे रामानंदस्वामी म्हणजे उत्तरेतील पुढच्या काळातले प्रसिद्ध रामानंदाचार्य नव्हेत. काही चरित्रांत गुरूंचे नाव श्रीपादस्वामी असेही येते.)

संतांच्या वडिलांचे चरित्र म्हणून हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. विठ्ठलपंतांची परमार्थाची तळमळ खरी होती. परंतु त्या तळमळीत एका निरपराध स्त्रीला त्यांनी एकाकी केले, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचा अर्थ या एका घटनेतून उलगडतो. जे घर त्यांनी परमार्थासाठी सोडले, त्याच घरात परमार्थ त्यांची वाट पाहत होता.

रुक्मिणीबाईंचे तप व गुरूंची आज्ञा

पती संन्यासी झाल्याची वार्ता आळंदीस पोहोचली. रुक्मिणीबाईंनी कोणास दूषण दिले नाही. इंद्रायणीचे स्नान, नामस्मरण व अश्वत्थाची प्रदक्षिणा असा नित्यनेम त्यांनी धरला. तो बारा वर्षे चालला, असे परंपरा सांगते. आळंदीत श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या मंदिरातील सुवर्णपिंपळ हाच तो अश्वत्थ, अशी भाविकांची श्रद्धा असून आजही स्त्रिया त्याला प्रदक्षिणा घालतात.

पुढे रामानंदस्वामी रामेश्वराच्या यात्रेस निघाले असता आळंदीच्या मारुती मंदिरात उतरले. रुक्मिणीबाईंनी त्यांना नमस्कार केला, तेव्हा स्वामींनी रीतीप्रमाणे पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद दिला. तो ऐकून त्या माउलीला हसू आले. स्वामींनी कारण विचारताच सारी हकीकत कळली. वर्णनावरून आपला शिष्य चैतन्याश्रम हाच या साध्वीचा पती, हे स्वामींनी ओळखले. संमतीवाचून व संतानावाचून पत्नीस टाकून आलेल्या पुरुषाला आपण संन्यास दिला, याचा दोष आपल्याकडेही येतो, असे त्यांना वाटले. रामेश्वराची यात्रा तशीच सोडून ते काशीस परतले. शिष्याला बोलावून त्यांनी खरी गोष्ट विचारली व पत्नीचा स्वीकार करून पुन्हा गृहस्थाश्रमात राहण्याची आज्ञा केली.

विठ्ठलपंतांनी ती आज्ञा शिरसावंद्य मानली. ती पाळणे किती कठीण होते, हे आजच्या वाचकाच्या सहज ध्यानात येणार नाही. संन्यास घेताना मनुष्य शिखा व यज्ञोपवीत यांचा त्याग करतो, स्वतःचे श्राद्धही स्वतःच करतो. लौकिकदृष्ट्या तो मृतच ठरतो. त्यातून परत फिरणाऱ्याला धर्मशास्त्रात आरूढपतित म्हटले आहे आणि त्याला समाजात स्थान नाही. काशीस राहिले असते तर यती म्हणून त्यांना मानसन्मान मिळाला असता. आळंदीस परतून त्यांच्या वाट्याला केवळ निंदा येणार होती. हे सर्व जाणूनही ते परतले.

बहिष्कृत संसार

व्हायचे तेच झाले. गावाने त्यांना वाळीत टाकले. पंक्ती बंद झाली, व्यवहार तुटले, भिक्षा मिळणेही कठीण झाले. गावाबाहेर इंद्रायणीकाठी सिद्धबेट येथे पर्णकुटी बांधून हे दांपत्य राहू लागले. निंदा करणाऱ्यांशी विठ्ठलपंतांनी वाद घातल्याचा उल्लेख कोठेही येत नाही. नित्य अध्ययन, ईश्वरचिंतन व पत्नीची सोबत एवढेच त्यांचे विश्व उरले. पूर्वी ज्या प्रपंचाचा त्यांना कंटाळा होता, तोच प्रपंच आता अत्यंत हलाखीत, पण मनापासून त्यांनी केला.

याच काळात चार अपत्ये झाली. परंपरेत अधिक रूढ असलेल्या गणनेप्रमाणे निवृत्तिनाथ शके ११९५ (इ.स. १२७३), ज्ञानदेव शके ११९७ (इ.स. १२७५), सोपानदेव शके ११९९ (इ.स. १२७७) आणि मुक्ताबाई शके १२०१ (इ.स. १२७९) असा जन्मक्रम आहे. दुसऱ्या एका मताप्रमाणे हे जन्म काही वर्षे आधीचे आहेत. जन्मस्थानाविषयीही आपेगाव व आळंदी अशा दोन परंपरा आहेत.

मुले मोठी होऊ लागली तशी संन्याशाची पोरे म्हणून त्यांची हेटाळणी होऊ लागली. ज्यांची मुंजच होऊ शकत नाही, त्यांना पाठशाळेचे दार कोण उघडणार? परंतु याच भावंडांपैकी ज्ञानदेवांनी पुढे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुमारे ९,००० ओव्यांची भावार्थदीपिका सांगितली. त्या ग्रंथात उपनिषदे, सांख्य, योग व वेदान्त यांचा जो सहज संचार आढळतो, त्याचा पहिला पाठ त्या झोपडीतच, शास्त्रसंपन्न पित्याच्या तोंडून मिळाला असला पाहिजे. ज्या पित्याजवळ मुलांना देण्यासाठी धन नव्हते, मान नव्हता, शेजारही नव्हता, त्याने जवळची विद्या मात्र त्यांना भरभरून दिली.

त्र्यंबकेश्वरचे अनुष्ठान

मुलांच्या मुंजीचा प्रश्न विठ्ठलपंतांना अस्वस्थ करीत होता. ते सहकुटुंब त्र्यंबकेश्वरी गेले व तेथे ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेचा नेम त्यांनी धरला. एके दिवशी पहाटेच्या अंधारात प्रदक्षिणा चालू असता अकस्मात वाघ समोर आला. सर्वांची पांगापांग झाली. विठ्ठलपंतांनी पत्नीला व मुलांना सावरून आणले. पण थोरले निवृत्तिनाथ दिसेनात. ते वाट चुकून एका गुहेत शिरले होते. तेथे गहिनीनाथ तपश्चर्या करीत होते. आजोबांवर ज्यांनी अनुग्रह केला त्याच गहिनीनाथांनी नातवाला उपदेश दिला. हा उपदेश निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना व धाकट्या भावंडांना मिळाला. काही दिवसांनी मुलगा सुखरूप परत आला, तो सद्गुरू होऊनच आला.

अखेरचा त्याग

आळंदीस परतल्यावर विठ्ठलपंत ब्रह्मवृंदासमोर उभे राहिले. अपराध माझा आहे, मुलांचा नाही. मला हवे ते प्रायश्चित्त सांगा, पण मुलांना पदरात घ्या, अशा आशयाची विनवणी त्यांनी केली. शास्त्राचे ग्रंथ चाळून निर्णय सांगण्यात आला, तो देहान्त प्रायश्चित्ताचा.

विठ्ठलपंतांनी निर्णयाविरुद्ध शब्द काढला नाही. आपण असलो तर मुलांवरचा कलंक पुसला जाणार नाही, आपण गेल्यास कदाचित त्यांना समाजात जागा मिळेल, एवढाच विचार त्यांच्या मनात होता. रुक्मिणीबाईही मागे राहिल्या नाहीत. ज्यांना पूर्वी पतीने एकटे सोडले होते, त्यांनी या वेळी पतीला एकटे जाऊ दिले नाही. झोपलेल्या मुलांना मागे ठेवून ते दांपत्य निघाले व प्रयागी गंगा-यमुनेच्या संगमात त्यांनी देह विसर्जित केला, अशी कथा परंपरेने जपली आहे. काही ठिकाणी इंद्रायणीचाही उल्लेख आढळतो. मुक्ताबाई त्या वेळी अगदी बालवयाच्या होत्या.

या त्यागाचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. तो निर्णय निष्ठुर होता. धर्माच्या नावाने चार निष्पाप बालकांना पोरके करणारा होता. शिवाय ज्या हेतूने आई-बापांनी प्राण दिले, तो हेतूही लगेच सफल झाला नाही. मुलांना शुद्धिपत्रासाठी पायी पैठणास जावे लागले व तेथेही विद्वानांच्या कसोटीस उतरावे लागले. संतांनी देहत्यागाचा हा मार्ग कधी कोणास सांगितला नाही. त्यांनी सांगितला तो घरी राहून, आपले काम करून, मुलाबाळांत नाम घेण्याचा मार्ग. विठ्ठलपंतांना जे आयुष्याची मोठी किंमत मोजून उमगले, ते त्यांच्या मुलांनी साऱ्या महाराष्ट्राला विनामूल्य वाटले. वारकरी संप्रदायातील नामदेव, एकनाथ, तुकाराम हे थोर संत संसारीच होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

मुलांनी केलेले पित्याचे स्मरण

पैठणहून ही भावंडे नेवाशास आली. तेथे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. आई-बापांना ज्यांनी दूर लोटले त्यांच्याविषयी या ग्रंथात कटुतेचा लवलेश नाही. शेवटी पसायदानात सर्व विश्वासाठी मागणे आहे.

ज्ञानेश्वर महाराजांच्या अनेक अभंगांच्या शेवटी येणारी नाममुद्रा वारकऱ्यांना परिचित आहे. तीत बाप हा शब्द आहे, रखुमादेवीचे नाव आहे आणि विठ्ठलाचेही आहे. अर्थ पंढरीच्या दैवताचाच. परंतु महाराजांच्या जन्मदात्यांची नावेही विठ्ठल व रुक्मिणी हीच होती. ज्यांची नावे घेण्यासही समाज कचरत होता, त्या आई-बापांची नावे त्या मुद्रेतून आज सातशे वर्षे कीर्तनात घुमत आहेत. याहून मोठे श्राद्ध कोणत्या पुत्राने केले असेल?

शके १२१८ (इ.स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव सासवडला समाधिस्थ झाले. शके १२१९ (इ.स. १२९७) मध्ये वैशाख वद्य दशमीस आपल्या या तापीतीरी विजेचा कडकडाट झाला व मुक्ताई गुप्त झाल्या. त्यानंतर निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. पित्याने ज्या ब्रह्मगिरीभोवती मुलांसाठी प्रदक्षिणा घातल्या, त्याच्याच पायथ्याशी थोरला पुत्र विसावला.

भाविकांसाठी

चारही भावंडांची स्थाने आज मोठी तीर्थक्षेत्रे आहेत. आजोबा गोविंदपंतांची समाधी बीड येथे आहे. आषाढी वारीसाठी मुक्ताईंची पालखी तापीकाठाहून बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून पंढरपूरकडे जाते, तेव्हा बीड मुक्कामी नात व आजोबा यांची भेट होते. तो सोहळा पाहण्यास भाविकांची दाटी होते. विठ्ठलपंत व रुक्मिणीबाईंनी मात्र जळात देह ठेवल्यामुळे त्यांची समाधी नाही. म्हणून कोथळी, मेहूण अथवा मुक्ताईनगर येथे मुक्ताईंसमोर हात जोडताना, चांगदेव येथे संगमाचे स्नान करताना, मनोमन त्या दोघांनाही एक नमस्कार करावा.

हे स्मरण केवळ शब्दांत राहू नये. कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१७ पासून कायद्याने गुन्हा ठरला आहे; परंतु कायद्याआधी आपल्या मनातून ते गेले पाहिजे. आई-बापांच्या चुकीची शिक्षा मुलांना होणार नाही, कोणाचे जन्मावरून हिणवणे आपण मुकाट ऐकून घेणार नाही, एवढा निश्चय यात्रेकरूने येथून घेऊन जावा. जे दानशूर भाविक अन्नदानास हातभार लावतात, त्यांनी आपल्या गावातील निराधार बालकांच्या शिक्षणासही यथाशक्ती साहाय्य करावे. चार पोरक्या मुलांनी महाराष्ट्राला काय दिले, हे आपण पाहतोच आहोत.

आणि जे गृहस्थ घरच्या कटकटींना कंटाळून तीर्थयात्रेस आले असतील, त्यांनी दर्शन झाल्यावर प्रसाद घेऊन वेळेवर घरी परतावे. गुरूंनी विठ्ठलपंतांना हीच आज्ञा केली होती, आणि ती पाळली गेली म्हणूनच महाराष्ट्राला ज्ञानोबा व मुक्ताई लाभल्या.

विठ्ठलपंत व माता रुक्मिणीबाई यांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. मुक्ताई माउलींची कृपा आपणा सर्वांवर व आपल्या कुटुंबीयांवर अखंड राहो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥